पाच

कॉर्कच्या झाडांवर इथे पांढरे आकडे रंगवलेले असतात:
ज्या साली साल काढली, त्या सालाचा शेवटचा अंक.
आठ. एक. सहा.
माझ्या हातातल्या कागदावरही आकडेच.
एक म्हणजे अजिबात पटत नाही,
पाच म्हणजे पूर्ण पटतं.
मधे तीन, ज्याच्या सावलीत बरेच जण टेकून घेतात.

व्हेनान्सियो कारापेतो टेकले नाहीत.
वय अठ्ठ्याहत्तर, मांडीवर कुऱ्हाड,
धार लावता लावता उत्तरं.

राजकारण्यांना सामान्य माणसाची पर्वा नसते?
"एका माळेचे मणी सगळे. पाच."
मोठे निर्णय पुढाऱ्यांनी नाही, लोकांनी घ्यावेत?
"पाचामुखी परमेश्वर. पाचच लिही."
संसद, न्यायालयं बाजूला सारून
धडाधड कामं करणारा खमक्या माणूस देशाला हवा?
दगडावरचं पातं थांबलंसुद्धा नाही.
"पाच."

विद्यापीठात आम्हाला बजावलं होतं,
ही उत्तरं एकमेकांशी भांडतात
की हातात हात घालून चालतात
ते तक्ता ठरवेल, तुम्ही नाही.
तुम्ही भुवई वर करायची नाही.
मी केली असणार,
कारण ते म्हणाले, "काय गं, नापास झालो?"

मतदान करणं तुम्हाला कितपत महत्त्वाचं वाटतं?
इथे मात्र कुऱ्हाड खाली ठेवली.
पंचाहत्तर सालचा एप्रिल.
शाळेबाहेर चार तासांची रांग.
एर्मेलिंदाला आठवा महिना, कुणी स्टूल आणून दिलं,
ती बसली नाही.
आई निरक्षर; पक्षांची चिन्हं तिने
भरतकामाच्या टाक्यांसारखी पाठ केलेली.
"आणि जमीनदार माझ्या मागे उभा, टोपी हातात.
मागे, कळलं?
त्याचं एक. माझं एक."

मग बराच वेळ काही नाही. कुत्रं उठून दुसरीकडे जाऊन झोपलं.

"त्यानंतर किती वेळा उभा राहिलो ते मोज.
दवाखाना गेला. रेल्वे गेली.
पोरगा लक्झेंबर्गला गेला.
रांग तेवढी राहिली."
मग किती लिहू?
"पाच. पाच, म्हणून तर बाकीचेही पाच."

बहुसंख्यांना नको असलं तरी
अल्पसंख्यांचे हक्क जपले पाहिजेत?
"अल्पसंख्य म्हणजे कोण?"
समजावून सांगायची मला परवानगी नाही.
प्रश्न पुन्हा वाचते, त्याच सुरात.
ते ओढ्यापलीकडे बघतात, रासबेरीच्या पॉलिहाऊसकडे,
तिथली नेपाळी पोरं अकरा जण एका घरात राहतात
आणि रविवारी ह्यांच्याच विहिरीवर कॅन भरायला येतात.
"हे नंतर विचार."
कागदावर 'नंतर'चा रकाना नाही.

फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा वाटेत एक झाड,
गेल्या साली सोललेलं, खोड अजून तांबडं,
त्यावर पाच.
"हा तुझा पाच नव्हे," ते म्हणाले.
"हा पाच म्हणजे आता नऊ वर्षं हात लावायचा नाही.
मालकाने नाही. अख्ख्या गावाने हात वर केले तरी नाही.
आणि सोलतानाही, कुऱ्हाड जरा खोल गेली,
आतली साल दुखावली, की संपलं झाड."

हेच मला हवं होतं.
इतकं नेमकं हवं होतं की माझी मलाच शरम वाटली.
"मग न्यायालयांचं..." मी सुरुवात केली.
"झाडाचं वेगळं," ते म्हणाले.
"झाडाने मला कधी फसवलं नाही."

गाडी वळवताना हाक आली:
"आणि तू? तू किती लिहिलंस?"
हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.
काच खाली करून ओरडले, तीन,
आणि पेट्रोल पंपापर्यंत स्वतःशी भांडत गेले.

त्यांचा तो एक रकाना
अजून कोराच आहे.